चिखलातही पायांत राहील, ते पादत्राण

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावी यात्रांचे दिवस सुरू होतात. सकाळी ग्रामदैवताचा अभिषेक, दुपारी शेरणीवाटप, सायंकाळी पालखीची मिरवणूक आणि रात्री मोकळ्या रानात गाण्याबजावण्याचा कार्यक्रम, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कुठे भजनी मंडळांची बारी रंगते, कुठे भारूड होते, तर कुठे तमाशाचा फड उभा राहतो. नारायणगाव ही तर तमाशाची पंढरीच. गुढीपाडव्याच्या आधी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. या भागातील बाजारपेठांत स्थायिक झालेली आपली जैन व्यापारी कुटुंबे यात्रेला परकी नाहीत. वर्गणीच्या पावतीपुस्तकात पहिल्या पानांवर त्यांची नावे असतात, घरी पाहुण्यांची वर्दळ असते आणि दुकान वाढवून रात्री घरातील सर्व जण मैदानावर जाऊन बसतात.

याच दिवसांत वळवाचा पाऊसही येतो. दिवसभर ऊन तापते, दुपारनंतर पश्चिमेकडे ढग चढतात आणि तासाभराच्या पावसात नांगरून सपाट केलेल्या मैदानाचा रबरबाट होतो. कार्यक्रम सहसा रद्द होत नाही. कनाती झटकल्या जातात, ढोलकी कापडाखालून बाहेर निघते आणि माणसे पुन्हा जमतात. अशा रात्री पायांत काय असावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो. आमच्या घरात मात्र तो किरकोळ राहिलेला नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे सासरे, ज्यांना घरात आणि पेठेतही सर्व जण बाबूजी म्हणतात, शेजारच्या गावच्या यात्रेत लोकगीतांचा कार्यक्रम ऐकण्यासाठी गेले होते. मधुमेह त्यांना अठरा वर्षांपासून होता. पायांत नवे, बिनबंदाचे, मऊ तळाचे बूट होते. पाऊस होऊन गेल्यावर जीपकडे परत येताना एक बूट चिखलात रुतला आणि पाय मोकळाच वर आला. आपण सारे जे करतो, तेच त्यांनी केले. दोन्ही बूट हातात घेतले, धोतराचा सोगा वर खोचला आणि अनवाणी दोनशे पावले चालून ते जीपमध्ये बसले. घरी येऊन पाय धुतले आणि निजले. चौथ्या दिवशी सासूबाईंना चादरीवर डाग दिसला. करंगळीखाली बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता आणि भोवतालची जागा काळसर झाली होती. काटा टोचल्याचे बाबूजींना कळलेच नव्हते. तीन आठवडे दवाखान्यात गेले आणि अखेर करंगळी काढावी लागली.

तेव्हापासून पादत्राण निवडताना आमच्या घरी एकच कसोटी लावली जाते: चिखलात जे हातात घ्यावे लागत नाही, ते खरे पादत्राण. ते किती देखणे, किती महाग, कोणत्या नावाचे, हे सर्व त्यानंतर. चिखल लागला की चप्पल काढून चालू लागणे ही आपली जुनी सवय आहे आणि नेमकी तीच घातक आहे.

येथे कोणी म्हणेल की आपले साधू-साध्वी आयुष्यभर अनवाणीच विहार करतात आणि रानात भातलावणी करणाऱ्या भगिनीही अनवाणीच वावरतात. ते खरे आहे. पण साधू-साध्वी सूर्यास्तानंतर विहार करीत नाहीत. ईर्यासमितीचे पालन करून पुढची साडेतीन-चार हात भूमी न्याहाळत दिवसाउजेडी चालतात आणि चातुर्मासात तर एकाच स्थानी राहतात. शेतकरी भगिनी स्वतःच्या ओळखीच्या खाचरात उतरते. यात्रेच्या मैदानावर रात्रीच्या अंधारात, गर्दीच्या रेट्यात, फुटलेल्या बाटल्या, पत्र्याचे तुकडे, कनातीच्या खुंट्या आणि विजेच्या तारा यांच्यामधून अनवाणी जाणे हे तप नव्हे. पुढची भूमी दिसतच नसेल, तर आपल्या पायाखाली कोणता जीव येतो आणि आपल्या पायात काय जाते, हे दोन्ही कळत नाही.

चिखल कोणता, हे आधी ओळखावे

आपल्या दोन्ही तालुक्यांत चिखलाची दोन रूपे आढळतात. पूर्वेकडे, मंचर, नारायणगाव, आळे या पट्ट्यात काळी माती अधिक. ती पाणी पिऊन फुगते आणि बुटाला चिकटते. दहा पावलांत तळाला एक-एक शेर मातीचा थर बसतो, पाय जड होतो आणि सैल बूट जागच्या जागी निघून येतो. पश्चिमेकडे, भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूला तांबडी माती आणि शेवाळलेला काळा कातळ. तेथे बूट रुतण्याची भीती कमी, घसरण्याची जास्त.

म्हणून तळाकडे पाहताना दोन गोष्टी पाहाव्यात. काळ्या मातीसाठी तळावरील खाचा खोल, चार-पाच मिलिमीटरच्या, आणि एकमेकींपासून दूर हव्यात. खाचा दाट असल्या की त्यांत माती गच्च बसते, ती झटकली जात नाही आणि खाचा असून नसल्यासारख्या होतात. निसरड्या कातळासाठी तळाचे रबर मऊ हवे. कडक प्लास्टिकचा तळ ओल्या दगडावर आणि ओल्या फरशीवर सारखाच घसरतो.

प्रत्येक प्रकाराचा गुण आणि दोष

हवाई चप्पल स्वस्त, धुण्यास सोपी. पण चिखलात तिची टाच रुतून राहते, पट्टा तुटतो आणि मागे उडणारा चिखल पाठीपर्यंत जातो. यात्रेहून हातात चप्पल घेऊन परतणाऱ्यांत सर्वाधिक संख्या याच मंडळींची असते. बिनबंदाचे मऊ बूट कोरड्या रस्त्यासाठी उत्तम. चिखलात ते पायाला धरून राहत नाहीत, हे बाबूजींच्या अनुभवाने आम्ही शिकलो. कॅनव्हासचे बूट पायाला घट्ट बसतात, मात्र पाणी शोषून जड होतात आणि दोन दिवस वाळत नाहीत. पळण्याचे जाळीदार बूट हलके असतात, पण त्यांचा तळ रस्त्यासाठी घडवलेला असल्याने मातीत पकड नसते.

पेठेत पावसाळ्याच्या तोंडावर येणारे एकसंध साच्यातील प्लास्टिकचे बूट पुष्कळांना पुरेसे ठरतात. ते पाणी धरत नाहीत आणि नळाखाली धुता येतात. दोष एवढाच की आत घाम साचतो व कडेला कातडी सोलते; म्हणून पातळ मोजा घातल्याशिवाय ते वापरू नयेत. मागे टाचेला पट्टा आणि पुढे बंद चवडा असलेली सँडल हाही मध्यम मार्ग आहे. पाणी आत येते तसे बाहेर जाते आणि बोटे काट्यापासून वाचतात. चवडा उघडा असलेली सँडल मात्र या कामाची नाही.

तरुणांसाठी सर्वांत सोयीचे म्हणजे बंद बांधता येणारे, घोट्यापर्यंत येणारे, खोल खाचांचे डोंगरी बूट. बंद घट्ट बांधले की चिखलाने कितीही ओढ घेतली तरी पाय निघत नाही. हेच बूट पुढे आषाढात पालखीबरोबर चालताना किंवा श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवरही कामास येतात.

ज्येष्ठांसाठी आणि बाजूला उभे राहून व्यवस्था पाहणाऱ्यांसाठी गमबूट. गमबुटाला आपल्याकडे शेतावरचे किंवा नगरपालिकेचे जोडे समजून नाक मुरडले जाते. पण त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन याच्या नावाने रूढ झालेले उंच बूट मुळात चामड्याचे होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने गंधक आणि उष्णता यांच्या योगे रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती रीत वापरून हायरम हचिन्सन याने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. तेथील शेतकरी लाकडी खडावांसारखे जोडे घालून ओल्या शेतात राबत. त्यांना प्रथमच पाय कोरडे ठेवून घरी जाता येऊ लागले. चामड्याला हात न लावता पूर्णपणे जलरोधक पादत्राण बनू शकते, हे त्या कारखान्याने दाखवून दिले. अहिंसेच्या दृष्टीने पाहिले तर ही लहान घटना नव्हे.

आज त्याच इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातील पिल्टन गावी, एका दुग्धव्यवसायाच्या शेतावर, १९७० पासून ग्लास्टनबरी संगीत महोत्सव भरतो. १९९७, १९९८ आणि २०१६ या वर्षी तेथे एवढा चिखल झाला की ते महोत्सव चिखलामुळेच लोकांच्या लक्षात राहिले. तेथे लाखभराहून अधिक श्रोते गमबूट घालून गाणी ऐकतात आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्या यात्रेत तो का वाटावा?

गमबूट घेताना मात्र काळजी घ्यावी. आत पाय सैल राहिला तर काळ्या मातीत बूट खालीच राहतो आणि टाच सोलते. पोटरीच्या निम्म्यापर्यंतच उंची असावी. गुडघ्याएवढा उंच बूट वृद्धांना चढवता-उतरवता येत नाही आणि लांब चालण्यास तो जड पडतो.

चामडे नको, तर चिन्हे वाचावीत

आपल्या बहुतेक घरांत चामडे वर्ज्य आहे. पण ‘चामडे नाही ना?’ एवढे विचारून विक्रेत्याच्या होकारावर विसंबणे पुरेसे नाही. अनेकदा त्यालाही ठाऊक नसते. वरचा भाग कृत्रिम असलेल्या बुटात सुखतळा, अस्तर किंवा टाचेजवळची पट्टी चामड्याची निघते. स्वेड आणि नुबक ही नावे कापडासारखी वाटतात. ती मुळात चामड्याचीच रूपे आहेत.

युरोपात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर चार चिन्हे छापण्याचा नियम १९९४ पासून आहे आणि निर्यातीसाठी बनलेले पुष्कळ बूट आपल्या बाजारातही येत असल्याने ती चिन्हे येथेही दिसतात. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे चामडे. त्याच आकाराच्या आत चौकोनी हिऱ्याची खूण असेल, तर ते वर लेप दिलेले चामडे. दिसायला हे रेक्झिनसारखे असते आणि फसगत बहुधा येथेच होते. विणलेल्या जाळीचे चिन्ह म्हणजे कापड. नुसता हिरा म्हणजे अन्य पदार्थ, म्हणजे रबर, प्लास्टिक इत्यादी. ही चिन्हे बुटाच्या तीन भागांसाठी वेगवेगळी दिलेली असतात: वरचा भाग, आतील अस्तर व सुखतळा, आणि खालचा तळ. तिन्ही ओळी वाचाव्यात. चिन्हे नसतील, तर सुखतळा उचलून पाहावा, कापलेली कड नखाने तपासावी आणि शंका राहिली तर बूट परत ठेवावा. एकसंध साच्यात ओतलेल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या बुटात ही शंका सर्वांत कमी.

दुकानात पाय घालताना

खरेदी सायंकाळी करावी. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यामागे उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि यात्रेच्या रात्रीही ते तसेच असणार. जो मोजा यात्रेत घालणार, तोच घालून जावे. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे. बहुतेकांचे पाय तंतोतंत सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि चालताना टाच वर सरकू नये. मग बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधोमध वाकणारा बूट पायाला आधार देत नाही.

माळ्यावर जपून ठेवलेले जुने बूट ऐन यात्रेच्या दिवशी काढू नयेत. हलक्या पॉलियुरेथेनचे तळ हवेतील ओलाव्याने हळूहळू कुजतात. न वापरलेला, दिसायला नवा बूट चार-पाच वर्षांनी दहा पावलांत भुगा होतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. तसेच कोरे बूट पहिल्यांदा यात्रेतच घालू नयेत. आठ-दहा दिवस रोज तासभर दुकानात वापरून ते पायाला ओळखीचे करून घ्यावेत.

मोज्यांचाही विचार हवा. सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो आणि ओल्या कातडीला फोड येतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमिश्रित मोजा लवकर वाळतो. पिशवीत एक जादा जोड ठेवावी. पाय तासन्‌तास ओले राहिले तर कातडी पांढरी पडते, बधिर होते आणि जखमा होतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतील हजारो सैनिकांचे पाय याच कारणाने निकामी झाले होते. मध्यंतरात मोजे बदलण्याचे दोन मिनिटांचे काम त्यावरचा सोपा उपाय आहे.

मधुमेही आणि लहान मुले

व्यापारी घरांत बैठ्या कामामुळे मधुमेह नवा राहिलेला नाही. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची संवेदना हळूहळू मंदावते. काटा, खडा, फोड यांची जाणीव होत नाही आणि जखम भरण्यास वेळ लागतो. अशा व्यक्तींनी अंगणातही अनवाणी चालू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा, घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहावेत आणि स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातील कोणाला तरी सांगावे. सुनेला किंवा नातवाला पाय दाखवण्यात संकोच कसला?

मुलांच्या बाबतीत आपली काटकसर आड येते. ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून दोन माप मोठे गमबूट घेतले जातात आणि चिखलात मूल बुटातून बाहेर पडते. या वर्षीच्या पायाला या वर्षीचेच माप हवे. लहान झालेले बूट धुऊन गरजू मुलाला दिले की पैसेही वाया जात नाहीत.

घरी परतल्यावर

पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते लहानशा ओरखड्यातूनही शिरतात. चिखलात वावरल्यानंतर चार आठवड्यांच्या आत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना चिखलाचा उल्लेख आवर्जून करावा. जखम झाली असल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

बुटांवरचा चिखल ओला असतानाच पाण्याने सोडवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत वाळू द्यावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास डिंक सुटतो. पुन्हा घालण्यापूर्वी बूट उलटा करून हलकेच झटकावा. आपल्या भागात विंचू बुटात आसरा घेतो. झटकल्याने आपला पायही वाचतो आणि त्याचा जीवही.

वर्गणीत थोडा मुरूमही

पादत्राण प्रत्येकाने आपापले निवडायचे, पण मैदान सर्वांचे असते. बाबूजींच्या आजारपणानंतर आमच्या पेठेतील काही व्यापाऱ्यांनी यात्रा समितीला रोख वर्गणीबरोबर दोन ट्रॉल्या मुरूम देण्यास सुरुवात केली. मैदानापासून गाड्यांच्या तळापर्यंत दोन हात रुंदीची पायवाट त्यातून होते. एका वीजसाहित्याच्या दुकानदाराने त्या वाटेवर दिव्यांची माळ लावण्याचे काम घेतले आहे. खर्च फार नाही. फडातील कलावंतांनाही त्याच वाटेने सामान आणावे-न्यावे लागते. त्यांचे पायही याच मातीत असतात.

यंदाच्या चैत्रात बाबूजी पुन्हा कार्यक्रमाला गेले. पायांत काळे गमबूट, आत राखाडी मोजे, अंगावर नेहमीचे धोतर. नातवंडे हसली, पेठेतील दोन-चार मित्रांनीही थट्टा केली. रात्री दहाच्या सुमारास वळीव आला आणि अर्ध्या तासाने गेला. ढोलकी पुन्हा वाजू लागली तेव्हा थट्टा करणाऱ्यांच्या चपला त्यांच्या हातांत होत्या. कार्यक्रम संपल्यावर बाबूजी मुरमाच्या वाटेने जीपपर्यंत आले. घरी सासूबाईंनी पाट मांडला, दिवा जवळ घेतला आणि दोन्ही तळपाय नीट पाहिले. नऊही बोटे कोरडी होती.